मॅडम सी. जे. वॉकर

हैदराबाद शहरात मासाब टँकनजीक ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. हे नाव निजामाच्या पदरी असलेल्या ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’ या घोडदळाची खूण होय. त्या सिद्दी सैनिकांचे वंशज तेथे अद्यापि राहतात. त्यांचे दाट, वेटोळे केस पाहून आपल्यापैकी काहींना हसू येते. अशाच केसांच्या निगेतून सहस्रावधी भगिनींना स्वाभिमान मिळवून देणाऱ्या एका स्त्रीचे चरित्र त्यांनी अवश्य वाचावे.

मॅडम वॉकर यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. त्यांचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात डेल्टा या गावी झाला. आईबाप पूर्वी कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. सातव्या वर्षी सारा पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरी लहान मुलगी. सेंट लुइस शहरी तिचे भाऊ न्हाव्याचा धंदा करीत. त्यांच्या आश्रयास जाऊन लोकांचे कपडे धुण्याचे काम तिने पुष्कळ वर्षे केले.

याच काळात तिचे केस झपाट्याने गळू लागले. गरिबांच्या घरी नळ नव्हते, त्यामुळे डोके क्वचितच धुतले जाई. साबण तीव्र क्षारांचे, आणि आहार निकस. अनेक स्त्रियांची हीच अवस्था होती.

वस्तुतः रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविक आहे. वेटोळ्या केसांत मात्र गळलेला केस खाली न पडता इतरांत अडकून राहतो. म्हणून विंचरताना एकदम पुंजका हाती येतो आणि मन घाबरते. डोक्यातील नैसर्गिक तेल अशा केसांच्या टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे ते कोरडे होऊन तुटतात. ते ओले करून, तेलाचा हात लावून, प्रथम बोटांनी व मग रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे चढत हळूहळू गुंता सोडवावा. ओढाताण केल्यास चांगला केसही तुटतो.

साराने प्रथम ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची औषधे विकली. १९०५ साली ती डेन्व्हर येथे गेली. पुढील वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह करून तिने त्यांच्या नावाने स्वतःचे गंधकयुक्त मलम विकण्यास आरंभ केला. डोके वारंवार धुवावे व स्वच्छ ठेवावे, हा तिच्या उपदेशाचा गाभा होता. तापविलेल्या फणीचा शोध तिचा, असे सांगतात ते खरे नव्हे. तथापि त्या फणीचा वापर तिच्या पद्धतीत होता, आणि केस सरळ करण्यावरून तिच्यावर टीकाही झाली.

१९१० मध्ये इंडियानापोलिस येथे तिने कारखाना उभारला. हजारो स्त्रिया तिच्या विक्रेत्या झाल्या, आणि मोलकरणीचे जिणे सोडून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १९१७ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या त्यांच्या अधिवेशनात अधिक विक्री करणारीबरोबरच अधिक दानधर्म करणारीलाही बक्षीस मिळाले. त्याच वर्षी, कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या अघोरी प्रकारांविरुद्ध अर्ज घेऊन ती इतर पुढाऱ्यांसह राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेली. राष्ट्राध्यक्षांनी भेट नाकारली. पण ती खचली नाही. १९१९ साली त्याच कार्यासाठी तिने पाच हजार डॉलर देऊ केले. २५ मे १९१९ रोजी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, तिचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, केसांचा गुंता धीराने सोडविला तर सुटतो. हिसका दिला तर केस तुटतो. माणसामाणसांतील गुंत्याचेही तसेच आहे. आपल्या वर्गातील एखाद्या सोबत्याचे केस आपल्याहून निराळे असले, तर हे चरित्र आठवावे आणि हसणे आवरावे.