मायकेल फॅरडे आणि इस्पितळाचा दिवा

रात्रीं इस्पितळांत शस्त्रक्रिया चालू असतां गांवची वीज जाते. कांहीं क्षणांतच आवारांतलें डिझेलचें यंत्र घरघरूं लागतें, दिवे पुन्हा लागतात, आणि रोगी वांचतो. ज्या शोधावर तें यंत्र वीज उत्पन्न करितें, तो शोध एका लोहाराच्या मुलानें लाविला. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. कारण शोध लावून तो थांबला नाहीं, तर लागलेला दिवा विझूं नये म्हणून काय करावें लागतें, हेंहि त्यानें आपल्या वागणुकीनें दाखविलें.

मायकेल फॅरडे याचा जन्म ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडन शहरालगत न्यूइंग्टन येथें झाला. बाप लोहारकाम करी, पण त्याची प्रकृति बरी नसे. त्यामुळें घरीं दारिद्र्य होतें. मुलास वाचन, लेखन व थोडें गणित एवढेंच शिक्षण मिळालें. सन १८०५ त तो रिबो नांवाच्या पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानीं सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचून काढी; त्यांतील एका ज्ञानकोशांतल्या विजेवरील लेखानें त्याचें मन वेधून घेतलें. सन १८१२ त एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें सर हंफ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकिलीं, तीं लिहून काढिलीं, स्वतःच्या हातांनीं बांधिलीं, आणि डेव्हीसाहेबांकडे पाठविलीं. पुढील वर्षीं, मार्च १८१३ मध्यें, रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्यास मदतनिसाची जागा मिळाली.

त्या काळीं सतत वाहणारी वीज हवी असेल तर ती धातूंच्या चकत्या व आम्ल यांच्या बॅटरींतून घ्यावी लागे. जस्त झिजलें कीं ती संपे. सन १८३१ च्या शरद् ऋतूंत फॅरडेसाहेबांनीं निराळा मार्ग शोधून काढिला. ता. १७ ऑक्टोबर रोजीं त्यांनीं तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक आंतबाहेर सरकविला, तेव्हां तारेंतून वीज वाहिली. चुंबक स्थिर राहिला कीं वीज थांबे. ता. २८ रोजीं त्यांनीं मोठ्या चुंबकाच्या दोन टोंकांमध्यें तांब्याची चकती फिरवून अखंड वीज मिळविली. हाच पहिला डायनामो होय. कोयनेच्या पाण्यानें फिरणारें प्रचंड जनित्र असो, कीं इस्पितळाच्या मागच्या खोलींतलें लहानसें यंत्र असो, दोहोंच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

इंग्लंडचीं दीपगृहें सांभाळणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे ते सन १८३६ पासून सल्लागार होते. तेलाच्या दिव्यांच्या वाफेनें दीपगृहाच्या कांचा ओल्या व अंधुक होत. ती वाफ बाहेर काढणारें धुराडें त्यांनीं रचिलें, आणि त्याचा हक्क आपला भाऊ रॉबर्ट यास देऊन टाकिला. पुढें ता. ८ डिसेंबर १८५८ रोजीं साउथ फोरलंड येथील दीपगृहांत होम्स यांच्या यंत्रानें विजेचा दिवा लागला. तें यंत्र फॅरडेसाहेबांच्याच तत्त्वावर वाफेच्या बळानें फिरत होतें. दुसरा कोणी असता तर आपल्या शोधाचें तेज पाहूनच संतुष्ट झाला असता. परंतु हा दिवा रोज रात्रभर टिकेल काय, तो सांभाळण्यास किती शिकलेला माणूस लागेल, हे प्रश्न ते विचारीत राहिले. सन १८६० च्या फेब्रुवारींत बर्फानें रस्ते बंद झाले असतां, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, कुंपणें व शेतें ओलांडून ते तो दिवा तपासावयास गेले. कारण अंधारांत येणाऱ्या गलबतास कालचा दिवा उपयोगी पडत नाहीं.

इस्पितळासहि हाच न्याय लागू आहे. यंत्र सुरू होण्यास कांहीं सेकंद लागतात. शस्त्रक्रियेचा दिवा व श्वास देणारें यंत्र यांस तेवढा खंडहि चालत नाहीं, म्हणून मध्यें बॅटरी ठेवावी लागते. यंत्र ऐन वेळीं सुरू होत नाहीं, तेव्हां पुष्कळदां तें सुरू करणारी बॅटरीच उतरलेली असते. म्हणून दर आठवड्यास बॅटरी, तेल, पाणी व डिझेल पाहावें. आणि महिन्यांतून एकदां तरी अर्धा तास यंत्र खरें ओझें घालून चालवावें. नुसतें रिकामें फिरविल्यानें तें काजळतें, आणि त्याची शक्तीहि कळत नाहीं. अर्भकांची उबदार पेटी, रक्त ठेवण्याचें शीतकपाट, क्ष-किरणांचें यंत्र अशीं नवीं साधनें येत जातात. जुन्या यंत्रास व जुन्या तारांस तें ओझें पेलेल काय, हा हिशेब प्रत्येक वेळीं नव्यानें करावा लागतो. छपरावर सूर्यशक्तीच्या पाट्या बसविल्या तरी रात्रीसाठीं बॅटरी हवीच.

फॅरडेसाहेब सँडेमेनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. सन १८२१ त त्यांनीं त्या मंडळींत आपला विश्वास प्रकट केला, आणि पुढें दोन वेळां तिचे वडील म्हणून सेवा केली. सरदारकीची पदवी व रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद हीं दोन्ही त्यांनीं नाकारिलीं. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हँप्टन कोर्ट येथें खुर्चींत बसले असतां ते शांतपणें प्रभूकडे गेले. हायगेट येथें त्यांची साधी कबर आहे.

वाचकहो, नवा दिवा लावणाऱ्याचें नांव होतें. रोज पहाटे बॅटरींतलें पाणी पाहणाऱ्याचें कोणी नांव घेत नाहीं. फॅरडेसाहेबांनीं दोन्ही कामें सारखीच थोर मानिलीं. आपल्या गांवचा कोणी इस्पितळांत यंत्र राखीत असेल, तर त्याचें काम हलकें समजूं नका. आणि तो नवी बॅटरी मागूं लागला, तर पैशांकडे पाहून पुढच्या वर्षावर ढकलूं नका. वीज केव्हां जाईल हें कोणास ठाऊक नसतें, आणि त्या रात्रीं मेजावर कोणाचें मूल असेल हेंहि ठाऊक नसतें.