विश्लेषण : पीटर ससा पुस्तकातून बाजारात कसा आला? बीट्रिक्स पॉटर यांनी चित्रातल्या पात्राला ‘ब्रँड’ कसे बनवले?

मुलांसाठी दप्तर, डबा किंवा चादर घ्यायला गेलात, तर कुठल्या ना कुठल्या कार्टूनचे चित्र नसलेली वस्तू शोधावी लागते. पात्राच्या नावावर वस्तू विकण्याचा हा व्यवहार टीव्हीच्या फार आधीचा आहे. निळा कोट घातलेला इंग्लंडचा पीटर ससा हे त्याचे जुने आणि आजही चालणारे उदाहरण. १९०२ मध्ये त्याचे पुस्तक बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी त्याची बाहुली पेटंट कार्यालयात नोंदली गेली. ही बाहुली कुणा खेळण्यांच्या व्यापाऱ्याची नव्हती. ती लेखिकेने स्वतः घरी बसून शिवली होती.

कोण होत्या बीट्रिक्स पॉटर?

जन्म २८ जुलै १८६६, लंडनमधील केन्सिंग्टन. आजोबा एडमंड पॉटर यांचा सुती कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता. वडील बॅरिस्टर होते. पण कापडाच्या पैशावर घर इतके सधन झाले होते, की त्यांना वकिली करण्याची फारशी गरज पडली नाही. बीट्रिक्स शाळेत गेल्या नाहीत. शिकवायला घरी शिक्षिका येत, सोबतीला धाकटा भाऊ बर्ट्रम आणि वरच्या मजल्यावर पाळलेले ससे, उंदीर, पाली, वटवाघळे. हे सगळे प्राणी त्या तासन्तास रेखाटत. तरुणपणी त्या स्वतः तयार केलेल्या गुप्त लिपीत रोजनिशी लिहीत असत. ती लिपी १९५८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, लेस्ली लिंडर यांनी उलगडली.

त्यांची खरी ओढ विज्ञानाकडे होती. अळंब्यांची शेकडो चित्रे त्यांनी काढली, त्यांचे बीजाणू घरी रुजवून पाहिले आणि त्यावर निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला, पण लेखिका सभागृहात नव्हती. तेथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. निबंध पुढे मागे घेतला गेला. तिशी ओलांडलेली, अविवाहित, आईवडिलांच्या घरी राहणारी आणि स्वतःची म्हणावी अशी मिळकत नसलेली ही स्त्री होती. पुढचा सगळा व्यवहार समजून घ्यायचा तर हे ध्यानात ठेवावे लागते.

पुस्तक कसे तयार झाले?

त्यांच्या जुन्या शिक्षिका ॲनी मूर यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून बीट्रिक्स यांनी त्याला पत्र लिहिले. सांगण्यासारखे काही नव्हते म्हणून चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून पाठवली. नोएलने ते पत्र जपून ठेवले. काही वर्षांनी तेच त्याच्याकडून परत मागून घेऊन त्यांनी पुस्तक केले.

अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. एक अडचण आकाराची होती. लहान मुलांच्या हातात मावेल एवढे छोटे आणि घरच्या रोजच्या पैशांत घेता येईल एवढे स्वस्त पुस्तक त्यांना हवे होते. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. त्या इतक्या झटपट संपल्या, की दोन महिन्यांत आणखी २०० काढाव्या लागल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीही मुलांसाठी एक प्रत घेतली होती. मग फ्रेडरिक वॉर्न कंपनी पुढे आली. ऑक्टोबर १९०२ मधील रंगीत आवृत्तीच्या ८ हजार प्रती प्रकाशनाआधीच नोंदल्या गेल्या.

अमेरिकेत काय चुकले?

वॉर्न कंपनीने पीटरच्या पुस्तकाचा कॉपीराइट अमेरिकेत नोंदवलाच नाही. लवकरच तिथल्या प्रकाशकांनी बिनदिक्कत नकला काढल्या. ससा तिकडेही लोकप्रिय झाला, पण त्या प्रतींचे पैसे लेखिकेपर्यंत आले नाहीत. हा धडा त्या विसरल्या नाहीत.

बाहुलीची नोंदणी का महत्त्वाची?

१९०३ च्या अखेरीस त्यांनी कापड बेतून पीटरची बाहुली शिवली. मिशांसाठी ब्रशचे केस उपटून लावले, ती उभी राहावी म्हणून पायांत शिशाचे छर्रे भरले. २८ डिसेंबरला तिची नोंदणी झाली. पुस्तकाची नक्कल रोखणे वेगळे आणि पात्राच्या रूपाची नक्कल रोखणे वेगळे, हा फरक त्यांनी त्या काळात ओळखला होता. आज ज्याला लायसन्सिंग म्हणतात ते मुळात एवढेच आहे : पात्र माझे, वस्तू तुम्ही बनवा, पण माझ्या मंजुरीने आणि मला रॉयल्टी देऊन.

जगातले हे पहिलेच उदाहरण, असे पीटरबद्दल सर्रास लिहिले जाते. तो दावा जरा जपूनच घ्यावा. अमेरिकेत पामर कॉक्स यांच्या ‘ब्राउनी’ या चिमुकल्या पात्रांचा माल त्याआधीच विकला जात होता. कोडॅकने १९०० मध्ये आपल्या स्वस्त कॅमेऱ्याला त्यांचेच नाव दिले. पॉटर यांचे वेगळेपण असे, की लेखिका स्वतः कात्री घेऊन बसली होती.

पाठोपाठ पटावरचा खेळ आला. त्यात मॅकग्रेगर माळी पीटरचा पाठलाग करतो. वॉलपेपरची पट्टी, रंगवायचे पुस्तक, चहाचे कप-बशा, रुमाल, सपाता अशी यादी वाढत गेली. नमुना आवडला नाही तर त्या तो परत पाठवत. बाहुल्यांसाठी मात्र मनाजोगता इंग्रज कारखानदार त्यांना मिळेना, कारण स्वस्त जर्मन खेळण्यांनी बाजार भरला होता. त्याचा राग एवढा, की १९१० च्या निवडणुकीत आयातकर वाढवावा म्हणून त्यांनी हाताने फलक रंगवले.

प्रकाशकाशी नाते कसे होते?

पुस्तकांचे काम पाहणारे नॉर्मन वॉर्न यांच्याशी रोजच्या पत्रव्यवहारातून जवळीक वाढली. जुलै १९०५ मध्ये त्यांनी लग्नाची मागणी घातली. बीट्रिक्स तेव्हा जवळपास ३९ वर्षांच्या होत्या. आईवडिलांनी विरोध केला, कारण मुलगा धंदेवाईक घरातला! कापडाच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या घराने हे म्हणावे, यावर वेगळे भाष्य नको. मुलीने तरीही अंगठी घातली. महिनाभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेले.

त्याच वर्षी त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरे गावातले हिल टॉप हे शेत विकत घेतले. पैसा मुख्यतः पुस्तकांचा होता.

नॉर्मन यांच्यानंतर कारभार त्यांचे भाऊ हॅरोल्ड यांच्याकडे गेला. हिशेब वेळेवर मिळेनात, परवान्यांचे करार ढिसाळ होऊ लागले. पॉटर पत्रांतून विचारणा करत राहिल्या. १९१७ मध्ये हॅरोल्ड यांना बनावट हुंड्यांच्या प्रकरणात अटक झाली, शिक्षाही झाली. कंपनी बुडण्याच्या बेतात होती आणि तिच्या मोठ्या देणेकऱ्यांत खुद्द पॉटर यांचे पैसे अडकले होते. त्यांनी ती बुडू दिली नाही. जुन्या चित्रांतून नवे पुस्तक करून दिले, पीटरच्या वस्तूंचा व्यापार वाढू दिला. एव्हाना त्या शेतीत रमल्या होत्या आणि चित्रे काढण्याचा उत्साह ओसरला होता. अशा वेळी सशाच्या कप-बशांनी त्याच्या प्रकाशकाला हात दिला.

पैशांचे काय केले?

१९१३ मध्ये वकील विल्यम हीलिस यांच्याशी लग्न करून त्या कायमच्या गावी राहायला गेल्या. शेजारपाजारी त्या मिसेस हीलिस, हर्डविक जातीच्या मेंढ्यांच्या जाणकार. एकेक शेत विक्रीला येई, बांधकामवाले टपलेले असत आणि त्या आधी पोहोचत. १९२७ मध्ये विंडरमियर सरोवराकाठचा एक तुकडा वाचवण्यासाठी त्यांनी पीटरची ५० चित्रे नव्याने काढून अमेरिकेतील वाचकांना विकली. कॉपीराइट जिथे हुकला, तिथूनच निधी आला.

सगळ्यालाच त्या हो म्हणत नव्हत्या. १९३६ मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्याकडून चित्रपटाची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. आपली छोटी चित्रे पडद्याएवढी मोठी केली तर त्यांतल्या उणिवा उघड्या पडतील, असे त्यांना वाटत होते.

आज पीटर कोणाचा?

२२ डिसेंबर १९४३ रोजी पॉटर यांचे निधन झाले. वॉर्न कंपनी १९८३ मध्ये पेंग्विनकडे गेली. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे २०१४ पासून मूळ गोष्ट कोणीही छापू शकतो. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. ती त्याआधीच संपली. ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत राहिले की टिकतो. म्हणून गोष्ट मोकळी झाली, तरी पीटरचे नाव आणि रूप लावून माल विकायचा तर आजही परवान्याचा प्रश्न येतो. २०१८ मध्ये पीटर हॉलीवूडच्या मोठ्या पडद्यावर आलाच, ते डिस्नेकडून नव्हे, सोनीकडून.

मृत्युपत्राने चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि अनेक शेते नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. डोंगरावरच्या शेतांवर ट्रस्टचे जे कळप असतील ते शुद्ध हर्डविक मेंढ्यांचेच असावेत, अशी अट त्यांनी लिहून ठेवली होती.