विश्लेषण : पद सोडल्यावर मुत्सद्दी काय करतो? वसईच्या तहापासून सुरू होणारी एल्फिन्स्टन यांची गोष्ट

परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी अनेकदा एखाद्या मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळावर किंवा सल्लागार म्हणून दिसतात. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत अशी नोकरी स्वीकारायची तर सरकारची परवानगी लागते, कारण सरकारी खुर्चीत मिळालेली माहिती आणि ओळखी कुणाच्या कामी येतात हा प्रश्न असतो. हा प्रश्न आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईचे गव्हर्नरपद सोडले आणि उरलेली तीन दशके कोणत्याही पदाविना केवळ सल्ला दिला. पुण्याची पेशवाई बुडवणारा हा माणूस. त्याच्या सल्ल्याचे पुढे काय झाले?

वसईशी त्यांचा संबंध काय?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरले आणि डिसेंबरमध्ये समुद्रमार्गे वसईला पोहोचले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशव्यांनी कंपनीशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख द्यायचा आणि इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, असा त्याचा अर्थ होता. तह केला पुण्याचे रेसिडेंट बॅरी क्लोज यांनी. तेविशीतले एल्फिन्स्टन तेव्हा त्यांच्या कचेरीत साहाय्यक होते.

पंधरा वर्षांनी, १८१७ मध्ये, एल्फिन्स्टन स्वतः पुण्याचे रेसिडेंट असताना झालेल्या पुणे तहाने उत्तर कोकण कंपनीकडे गेले. त्यात वसईही गेली.

मधल्या काळात काय घडले?

जन्म १७७९ चा, स्कॉटलंडमधला. काका कंपनीचे संचालक, त्यामुळे सोळाव्या वर्षी नोकरी मिळाली. वशिला होता हे खरे, पण अभ्यासही होता. १८०३ मध्ये असईच्या लढाईत ते आर्थर वेलस्ली यांच्यासोबत होते. नंतर नागपूरचे रेसिडेंट झाले. १८०८ मध्ये काबूलच्या राजाकडे वकील म्हणून निघाले आणि पेशावरला शाह शुजाला भेटून त्यांनी तह केला. तहाची शाई वाळते न वाळते तोच शुजाची गादी गेली. हा अनुभव पुढे त्यांच्या कामी आला.

१८११ पासून पुणे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून, त्रिंबकजी डेंगळ्यांची ठाण्याच्या किल्ल्यातली कैद आणि पलायन, ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई हा भाग मराठी वाचकाला परिचित आहे. त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली, तिच्यासोबत एल्फिन्स्टन यांचा ग्रंथसंग्रहही.

तेव्हाही मुत्सद्दी आणि पेढ्या यांचे साटेलोटे होते का?

होते, आणि उघड होते. क्लोज यांच्याआधी पुण्यात रेसिडेंट असलेल्या जनरल पामर यांचे पुत्र विल्यम यांनी हैदराबादेत पेढी काढली. ही पेढी निजामाला जबर व्याजाने कर्ज देई. संस्थानिकांना कर्ज देण्यावर असलेल्या बंदीतून तिला १८१६ मध्ये सूट मिळाली. पेढीतल्या एका भागीदाराची पत्नी गव्हर्नर जनरलच्या घरात वाढलेली होती. हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल या पेढीचे पाठीराखे, त्यात त्यांचे स्वतःचे हितसंबंध गुंतल्याचा ठपका त्यांच्यावर आला. त्यांच्यानंतर आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी हा कारभार उघडा पाडला.

पुण्यातही एक प्रकरण होते. रेसिडेन्सीचे एतद्देशीय कारभारी खुश्रूशेट मोदी यांना पेशव्यांनी कर्नाटकची सरसुभेदारी दिली होती. दोन धन्यांची चाकरी चालणार नाही, एक निवडा, असे एल्फिन्स्टन यांनी त्यांना बजावले. मोदींनी रेसिडेन्सी निवडली, तरी पुढे तेही काम गेले. १८१५ मध्ये विषाने त्यांचा मृत्यू झाला. पुण्याच्या मोदी गणपतीच्या नावात त्यांची आठवण उरली आहे. एल्फिन्स्टन यांची कसोटी बरोबर होती, पण तिची किंमत मोदींनी मोजली.

पद सोडल्यावर एल्फिन्स्टन यांनी काय केले?

नोव्हेंबर १८२७ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. त्यांच्या जागी आलेले जॉन माल्कम हेही मुत्सद्दीच. ते परत गेल्यावर पार्लमेंटमध्ये शिरले. एल्फिन्स्टन यांना गव्हर्नर जनरलपद देऊ केले गेले, तेही दोनदा. दोन्ही वेळा प्रकृतीचे कारण देऊन त्यांनी नकार दिला. १८४१ मध्ये त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध झाला. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी तो मराठीत आणला. अखेरची वर्षे इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, एका खेड्यातल्या घरात गेली. भारतात जाणारे आणि तिथून आलेले अधिकारी त्यांचे मत विचारत.

त्यांचा सल्ला ऐकला गेला का?

मोठ्या प्रश्नांवर नाही. १८३८ मध्ये शुजाला पुन्हा काबूलच्या गादीवर बसवण्याचे ठरले. काबूल घेता येईल, पण गरीब, थंड आणि अशांत मुलखात शुजाला टिकवता येणार नाही, असे एल्फिन्स्टन यांनी अलेक्झांडर बर्न्स यांना कळवले. बर्न्स १८४१ मध्ये काबूलमध्येच मारले गेले. जानेवारी १८४२ मध्ये माघार घेताना जी इंग्रज फौज नष्ट झाली, तिचे सेनापती जनरल विल्यम एल्फिन्स्टन हे माउंटस्टुअर्ट यांचे चुलतभाऊ, ज्या संचालक काकांमुळे त्यांना नोकरी लागली त्यांचेच पुत्र.

दुसरा विषय साताऱ्याचा. पेशवाई संपवताना प्रतापसिंह महाराजांचे राज्य एल्फिन्स्टन यांनीच उभे केले होते. १८४८ मध्ये डलहौसी यांनी ते खालसा केले. एल्फिन्स्टन यांना हे अजिबात पटले नाही आणि त्यांनी ते पत्रांतून लिहिले. निर्णय बदलला नाही. रेसिडेंट असताना त्यांच्या एका खलित्यावर फौजा हलत. पद गेल्यावर मत अधिक मोकळे झाले, वजन मात्र कमी झाले. वसईचा तह आणि पुण्याचा तह यांबद्दल मात्र त्यांना असा खेद वाटल्याचे दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

एल्फिन्स्टन रोड स्थानक यांच्याच नावाचे होते का?

नाही. २०१८ मध्ये प्रभादेवी झालेल्या या स्थानकाचे जुने नाव त्यांचे पुतणे, १८५३ ते १८६० दरम्यान मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉन लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून पडले. कॉलेज मात्र काकांच्या नावाचे. ते मुंबई सोडत असताना लोकांनी जमवलेल्या वर्गणीतून त्याची सुरुवात झाली.

२० नोव्हेंबर १८५९ रोजी एल्फिन्स्टन वारले. त्यांचा इतिहास इंग्रजी सत्तेच्या उदयापाशी येऊन थांबला होता. तो पुढचा भाग अपुराच राहिला आणि त्यांच्यामागे, १८८७ मध्ये छापला गेला.