विल्यम केरी आणि लोकांची बोली

इंग्लंडांतील नॉर्थॅम्पटनशायर परगण्यांत पॉलर्सपरी म्हणून एक खेडें आहे. तेथें ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं विल्यम केरी यांचा जन्म झाला. वडील प्रथम विणकर, पुढें गांवच्या शाळेचे पंतोजी. मुलास त्यांनीं जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार म्हणून ठेविलें. तो धंदा करीत असतांच केरींनीं लॅटिन, ग्रीक, हिब्रू व डच या भाषांचा अभ्यास चालविला, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां ऐकिली आहे. ती येथें वाढवीत नाहीं. परंतु व्याकरणाची भाषा आणि लोकांच्या तोंडची भाषा यांतील अंतर या पुरुषास हिंदुस्थानांत कसें भोगावें लागलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

ता. ११ नोव्हेंबर १७९३ रोजीं केरी कलकत्त्यास उतरले. गलबतावरच त्यांनीं सोबतचे डॉ. टॉमस यांजपासून बंगालीचे धडे घेतले होते. पुढें रामराम बसू या मुनशींच्या साह्यानें अभ्यास चालला. १७९४ मध्यें उत्तर बंगालांतील मदनावती येथें निळीच्या कारखान्याची देखरेख त्यांजकडे आली. त्याच वर्षीं पीटर हा लहानगा मुलगा वारला. पत्नी डॉरोथी हिचें चित्त भ्रमिष्ट झालें, तें १८०७ मध्यें तिच्या मृत्यूपर्यंत ठिकाणावर आलें नाहीं. अशा घरांत बसून केरी बंगाली व संस्कृत शिकत होते. (त्या बाईच्या दुःखाविषयीं केरींचे स्तुतिपाठक फार थोडें लिहितात, हें मला नेहमीं खटकतें.)

कांहीं वर्षांच्या श्रमानंतर केरी तासभर अस्खलित बोलूं लागले. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना तें सर्व कळे. परंतु शेतांत राबणाऱ्या गरिबांना त्यांतलें फारच थोडें उमजे. याचें कारण शोधावयास दूर जाणें नको. बंगालींत जसें लिहितात तसें बोलत नाहींत. लक्ष्मी हा शब्द कागदावर लक्ष्मीच राहतो, पण बोलणारा लोक्खी म्हणतो. ब आणि व यांचा भेद उच्चारांत राहिलेला नाहीं. श, ष, स हे तिन्ही बहुधा श असेच ऐकूं येतात. शिवाय जिल्हा बदलला कीं क्रियापदांचीं रूपें बदलतात. पंडितांच्या लेखीं हा सगळा अपभ्रंश. व्याकरणानें शुद्ध शब्द सांगावा, आणि जो संस्कृतास जवळ तो शुद्ध, ही त्यांची उपपत्ति. केरींनीं ती झुगारून दिली असें नाहीं; संस्कृताच्या आधारावांचून बंगालीस बळ येणार नाहीं, असेंच त्यांचेंही मत होतें. पण ज्यांच्याकरितां समुद्र ओलांडिला त्यांनाच आपलें बोलणें कळूं नये, याचा उलगडा त्या उपपत्तींत नव्हता.

जानेवारी १८०० मध्यें ते डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपुरास राहावयास गेले. तेथें मार्शमन व वॉर्ड हे सहकारी मिळाले आणि छापखाना सुरू झाला. १८०१ मध्यें फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली शिकविण्याच्या कामीं त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षीं त्यांचें बंगाली व्याकरण निघालें व कथोपकथन नांवाचें संवादांचें एक लहानसें पुस्तकही निघालें. मला व्याकरणापेक्षां हें पुस्तक अधिक मोलाचें वाटतें. बाजारास निघालेल्या बायका, सावकार व ऋणको, मासे धरणारे कोळी, रोजंदारीचे मजूर, लग्न जुळविणारा घटक, हे सर्व त्यांत आपापल्या बोलींत बोलतात. बायकांचें भांडण तर भांडणासारखेंच आहे. हे संवाद केरींनीं स्वतः न रचितां जाणत्या एतद्देशीयांकडून लिहवून घेतले, आणि ज्याचें बोलणें त्याच्याच तोंडीं शोभेल असें उतरावें, हा दंडक ठेविला. त्यांचे विद्यार्थी म्हणजे उद्यांचे अंमलदार. कचेरींत दाद मागावयास येणारें कूळ त्यांच्यापुढें पंडिती बंगाली थोडेंच बोलणार होतें!

पुढें त्याच कॉलेजांत मराठीही त्यांजकडे आली. येथें त्यांचे साहाय्यक नागपूरकडील पंडित वैजनाथ. १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण व १८१० मध्यें मोडी अक्षरांत कोश, अशीं दोन पुस्तकें केरींनीं छापिलीं. महाराष्ट्र मात्र त्यांनीं कधीं पाहिला नाहीं. नागपूर-वऱ्हाडाकडे पाण्यास पानी म्हणतात, मला याबद्दल मले, डोळा याबद्दल डोया. खेड्यावरून आलेला एखादा मुलगा वर्गांत पानी म्हणाला कीं सगळा वर्ग हंसतो. पूर्वीं मीही हंसत असें. पंडिताच्या लेखणींत असे उच्चार अर्थात् उतरत नाहींत, पण शब्द आणि वाक्याचें वळण एका प्रांताचें राहतेंच. १८११ मध्यें श्रीरामपुरास छापलेला मराठी नवा करार पश्चिमेकडील वाचकांस परका वाटला. १८१३ मध्यें मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर हातीं घेतलें. तो नवा करार १८२६ मध्यें पुरा झाला. बंगालींत कोळ्यांच्या बोलण्यास कान देणाऱ्यानें मराठींत एका पंडिताच्या मुखावर सारी भिस्त ठेवावी, ही चूक होती असें मी म्हणतों. मग त्यांच्या शिरावर कामाचा भार केवढाही असो.

ता. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. अनेक भाषांच्या शब्दांचा तुलनात्मक कोश केरी तयार करीत होते. त्याचें हस्तलिखित, व्याकरणांचे कागद, टाइप, सर्व जळालें. केरींनीं पुन्हां आरंभापासून लिहावयास घेतलें. १८१६ मध्यें त्या तिघांनीं हिंदुस्थानांतील ३३ भाषांचे नमुने एकत्र छापिले. या देशाच्या बोली शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकीं एक. १८१८ मध्यें श्रीरामपुराहून कोंकणी नवा करार मराठीहून स्वतंत्र असा निघाला.

बंगाली भाषांतर ते म्हातारपणींही पुनःपुन्हां तपाशीत राहिले. ता. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास त्यांचें देहावसान झालें. पुढें दोन वर्षांनीं मुंबईस दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण प्रसिद्ध झालें. ग्रंथकाराचें वय २२ वर्षांचें, आणि मराठी त्याच्या घरची होती.