दूरचित्रवाणीचा निर्भीड लेखक : रॉड सर्लिंग

आपल्या या स्मरणिकेत ज्ञातिबांधवांची चरित्रे दरवर्षी येतात, आणि ती यावीत हे उचितच आहे. यंदा मात्र आम्ही एका परदेशस्थ, परधर्मीय गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. लेखणीवर पोट भरणाऱ्याने सत्याशी इमान कसे राखावे, हे त्यावरून आपल्या तरुणांस उमगेल.

रॉड सर्लिंग यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी अमेरिकेतील सिराक्यूज या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण बिंगहॅम्टन या नगरात गेले. शाळा संपताच १९४३ साली ते सैन्यात दाखल झाले आणि छत्रीसैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढले. तेथे ते स्वतः जखमी झाले. विमानातून टाकलेल्या अन्नाच्या खोक्याखाली सापडून त्यांचा एक स्नेही डोळ्यांदेखत गतप्राण झाला. मृत्यूस काळवेळ नसते, ही जाणीव पुढे त्यांच्या लेखनात वारंवार प्रकटली.

युद्धानंतर त्यांनी ओहायओ राज्यातील अँटिऑक महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९४८ साली कॅरल क्रेमर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रारंभी त्यांच्या अनेक संहिता साभार परत येत. परंतु त्यांनी धीर सोडला नाही. जानेवारी १९५५ मध्ये त्यांचे 'पॅटर्न्स' हे नाटक दूरचित्रवाणीवर झाले. त्या काळी अशी नाटके थेट सादर होत. हे नाटक इतके गाजले की, पुढच्याच महिन्यात नटसंचास ते पुन्हा सादर करावे लागले. एका थकलेल्या मुष्टियोद्ध्यावरील १९५६ च्या नाटकाने त्यांची कीर्ती दृढ झाली.

येथून त्यांच्या खऱ्या कसोटीस आरंभ झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली आणि आरोपी निर्दोष सुटले. सर्लिंग यांनी त्यावर नाटक लिहिण्याचे योजिले. परंतु कार्यक्रमाचा खर्च जाहिरातदार सोसत, आणि दक्षिणेकडील गिऱ्हाइके दुखावतील याची त्यांना धास्ती होती. १९५६ साली नाटक झाले, तेव्हा त्यात ना कृष्णवर्णीय मुलगा उरला होता, ना दक्षिणेतील गाव. १९५८ साली त्यांनी पुनश्च यत्न केला. तेव्हाही कथा मागच्या शतकात ढकलण्यात आली.

दुसरा कोणी असता तर लेखणी म्यान करून बसला असता. सर्लिंग यांनी निराळी वाट काढली. स्वतः निर्माते होऊन त्यांनी २ ऑक्टोबर १९५९ पासून 'ट्वायलाइट झोन' ही अद्भुतकथांची मालिका सुरू केली. १९६४ पर्यंत तिचे १५६ भाग झाले, त्यांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. उघड बोलावयास मज्जाव होता, ते त्यांनी परग्रहवासीयांच्या तोंडून वदविले. १९६० च्या एका कथेत एका गल्लीतील दिवे मालवतात. तेवढ्यावरून शेजारी शेजाऱ्यावर संशय घेऊ लागतात, आणि अखेर एका निरपराध माणसास गोळी घातली जाते. दुरून पाहणाऱ्या परग्रहवासीयांस शस्त्र उचलावेच लागत नाही!

उत्तरायुष्यात त्यांस सर्वच अनुकूल लाभले असे नाही. 'नाइट गॅलरी' या मालिकेवर त्यांचे नाव झळकले, परंतु अधिकार त्यांच्या हाती नव्हता. या काळात ते इथाका येथील महाविद्यालयात शिकवीत असत. आम्ही जन्मभर शिक्षकी केली असल्याने आम्हांस याचे विशेष कौतुक वाटते. एमी हे मानाचे पारितोषिक त्यांस सहा वेळा लाभले. मात्र अतिश्रम आणि धूम्रपान यांनी शरीर पोखरले. २८ जून १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आपला संघ स्वजनांच्या उत्कर्षासाठी आहे, आणि स्वजनांचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. परंतु तो अभिमान शेजाऱ्याच्या तिरस्कारात केव्हा पालटतो, हे आपले आपल्यास कळत नाही. त्या काळोख्या गल्लीची कथा म्हणूनच आपणासही लागू पडते. हे चरित्र वाचून आमच्या मुलामुलींनी एवढे ध्यानी धरले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.