रेव्हरंड टिळकांचा निर्भय उच्चार

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा लागते. हाच मार्ग पुढे राजनांदगावकडे जातो. नागपूरहून तिकडे जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. मन वळले, पण पत्नी लक्ष्मीबाई व आप्त दुरावतील, या भयाने उघड कबुली लांबली. ते भय अनाठायी नव्हते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेताच संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परतल्या व १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी मात्र पाश्चात्त्य धाटणी दूर सारून कीर्तन-अभंगांतून ख्रिस्त सांगितला. स्वतःच्याच मातीची भाषा लाभल्यावर संकोच कसला? १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते निवर्तले.