कै. नामदार गोपाळ कृष्ण गोखले

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. ते तेरा वर्षांचे असता वडील निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली, व त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठवीत. उरलेल्या सातांत घर कसे चालले असेल, हे वाचकांस सांगावयास नको. १८८४ साली बी. ए. होऊन गोपाळरावांनी पुढे पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत अल्प वेतनावर शिक्षकाचे काम पत्करिले. न्यायमूर्ती रानडे यांस त्यांनी गुरू मानिले.

१८९७ साली त्यांची कसोटी झाली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले असता पुण्यात प्लेगचा कहर चालू होता. घरोघर झडती घेणाऱ्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे मित्रांनी त्यांस पत्रांनी कळविले. ते खरे मानून त्यांनी ती हकीकत तेथील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. परत येताच सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणारे कोणी पुढे येईनात, आणि त्यांची नावे सांगून त्यांस संकटात लोटणे गोपाळरावांस मान्य नव्हते. तेव्हा सर्व दोष आपल्या शिरी घेऊन त्यांनी जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनी त्यांस भित्रे ठरविले. इंग्रजांनीही त्यांची गय केली नाही. शिपायांचे वर्तन निर्दोष होते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु सिद्ध करिता येत नाही तो आरोप मागे घ्यावा, एवढेच त्यांनी पाहिले. मग ते मुकाट्याने प्लेगच्या स्वयंसेवकांत काम करू लागले.

पुढे मुंबईच्या व नंतर व्हाइसरॉयांच्या कौन्सिलात ते निवडून गेले. तेथे त्यांचे बोलणे सरकारच्याच आकड्यांवर उभे असे, म्हणून ते खोडून काढणे कठीण जाई. मिठावरील कर गरिबाच्या भाकरीवर बसतो, हे ते वर्षानुवर्षे मांडीत राहिले. मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३ पासून उतरत जाऊन १९०७ साली एक रुपयावर आला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, व त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले.

१९११ साली सहा ते दहा वर्षांच्या मुलांस सक्तीचे प्राथमिक शिक्षण देण्याचे बिल त्यांनी आणिले. ते नामंजूर होणार, हे त्यांस ठाऊक होते. १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोपाळराव वारले. वय अवघे ४८ होते. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशपातळीवर अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.